जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

काशीतील दुर्गाघाटावर मोटार जात नाही. पंचगंगाघाट आणि ब्रह्माघाट यांच्यामधला हा घाट. वरच्या अंगाला ब्रह्मचारिणी दुर्गेचे मंदिर, खाली गंगेत उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या आणि मागे अशा अरुंद गल्ल्या की, समोरून बैल आला तर माणसाने भिंतीला पाठ लावून मुकाट्याने उभे राहावे. अठराव्या शतकात, पेशव्यांना पूज्य असलेल्या नारायण दीक्षितांनी हा घाट बांधविला. तेव्हापासून मराठी घराणी या आसमंतात वस्ती करून राहिली. त्यांच्या वाड्यांतून वेदपाठ झाले, लग्नमुंजी झाल्या. परंतु दाराशी मोटार उभी राहण्याचा योग या वाड्यांना कधी आला नाही. येथल्या ज्या गृहस्थाजवळ मोटार असेल, त्याने ती मैदागिनच्या बाजूला, मोठ्या रस्त्यालगत ठेवावी आणि घरी पायी चालत यावे, हाच क्रम.

जुनी मोटार घरच्या घरी दुरुस्त करण्याच्या विषयाला अशा ठिकाणापासून आरंभ करणे प्रथम विचित्र वाटेल. परंतु या उद्योगाला जे शहाणपण लागते, त्याचे दोन धडे या घाटांवर कुणालाही पाहता येतील असे मांडून ठेवलेले आहेत.

पहिला धडा नावेचा. पावसाळ्यात येथे गंगा पायरीपायरीने वर चढते. वाराणसीत पाण्याची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर मानली जाते. १९७८ सालच्या महापुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत गेले होते. पूर ओसरला, घाटावरचा गाळ धुऊन निघाला, की लाकडी नावा पायऱ्यांवर ओढून घेतल्या जातात आणि त्यांच्या डागडुजीला सुरुवात होते. नावाडी आधी फळ्यांवर ठोकून पाहतो. भरीव लाकडाचा आवाज वेगळा आणि कुजलेल्या लाकडाचा वेगळा. जी फळी गेली तीच तो काढतो, शेजारच्या धडधाकट फळीला हात लावीत नाही. फटींत सूत आणि चिंध्या ठोकून बसवतो, वरून डांबर चढवतो, आणि नाव पाण्यात सोडून पाणी कोठून शिरते ते शांतपणे पाहत बसतो. नाव नवी दिसावी हा त्याचा हेतू नसतो. तिने चार माणसांना सुखरूप पलीकडे न्यावे, एवढाच असतो.

दुसरा धडा देवळांचा. काशी हे जीर्णोद्धाराचे नगर आहे. अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर १७८० साली पुन्हा उभारले, ही गोष्ट प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. जुने सावरणे हे नवे बांधण्याहून अधिक पुण्याचे, अशी आपल्याकडची समजूत आहे; परंतु त्या पुण्याला शिस्तीची जोड आहे. मूर्ती किंवा गाभारा दुरुस्त करावयाचा असेल, तर तेथले देवत्व मंत्रपूर्वक कलशात आणून ठेवतात आणि काम पुरे झाल्यावर ते मूळ स्थानी परत नेतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या रीतीतला व्यवहार मोठा आहे. मोडतोड करण्यापूर्वी, जे जपावयाचे ते आधी सुरक्षित करून ठेवावे. जुन्या मोटारीवर काम करणाऱ्याने हे दोन धडे मनात धरले, तर त्याचे निम्मे काम झाले.

आता मोटारीकडे वळावे. मराठी घरांतून जी जुनी मोटार आढळते, ती बहुधा फियाट. तिचा इतिहास मुंबईच्या कुर्ल्याशी बांधलेला आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तेथे १९६४ पासून 'फियाट अकराशे डिलाइट' ही मोटार तयार होऊ लागली. १९७४ पासून तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटीमीटरचे एंजिन, चाकाजवळच्या दांडीवर बसविलेला गिअर आणि चार माणसांच्या कुटुंबाला पुरेल एवढी जागा, असा तिचा थाट होता. त्या काळात मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. साहजिकच एकदा घरी आलेली गाडी कुणी सहजासहजी सोडीत नसे. ती बिघडे, दुरुस्त होई, पुन्हा बिघडे. आणि या येरझाऱ्यांतून गावोगावी मिस्त्रींची एक पिढी तयार झाली. मुंबईची टॅक्सी म्हणून तर हीच मोटार लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या कचेरीत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरात, तीही रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर एका मोठ्या कारागीरवर्गाचे रोजचे कामही गेले. जुन्या गाड्या आज घरोघरच्या हौशी माणसांच्या हाती येत आहेत, त्या या पार्श्वभूमीवर.

समजा, दुर्गाघाटावरील एखाद्या कुटुंबाकडे आजोबांच्या वेळची, १९६८ सालची अशी एक फियाट आहे. मैदागिनच्या बाजूला भाड्याच्या एका पडवीत ती पंधरा वर्षे उभी आहे. नातवाला ती पुन्हा चालती करावयाची आहे. वाडा पंधरावीस मिनिटांच्या अंतरावर. गाडी घरापर्यंत येणार नाही, पण गाडीचे लहान भाग पिशवीत घालून गल्लीतून घरी आणता येतील. ही अडचण खरे म्हणजे एक उपकारच आहे. कारण तिच्यामुळे कामाचे तीन वाटे आपोआप पडतात: जागेवर करावयाचे, घरी आणून करावयाचे, आणि निष्णात कारागिराच्या हाती सोपवावयाचे. ज्याच्या अंगणात मोटार उभी असते, त्यालाही हे तीन वाटे करावेच लागतात. फक्त अंगण असल्यामुळे त्याला त्याचा विसर पडतो.

जागेवरच्या कामाचा पहिला नियम असा की, गाडी चालू करून पाहू नये. मोह अनावर असतो. नवी बॅटरी जोडावी, किल्ली फिरवावी, आणि आजोबांची गाडी बोलते की नाही ते पाहावे, असे प्रत्येकाला वाटते. परंतु पंधरा वर्षे उभ्या असलेल्या एंजिनातले तेल कधीच खाली उतरून गेलेले असते. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात. पिस्टनच्या कड्या गंजाने त्यांना चिकटलेल्या असू शकतात. अशा स्थितीत जोराने फिरविलेले एंजिन आपल्याच हाताने स्वतःला ओरखडे काढते. म्हणून आधी स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक भोकातून थोडे तेल सोडावे, एकदोन दिवस ते मुरू द्यावे, आणि मग हँडलने किंवा पान्याने एंजिन हळूहळू हाताने फिरवून पाहावे. ते अडले तर बळ करू नये. पुन्हा तेल सोडून थांबावे.

दुसरे काम टाकीचे. पेट्रोल शिळे होते. त्यातला हलका अंश उडून जातो आणि मागे वार्निशासारखा चिकट थर राहतो. तोच पुढे नळ्यांत आणि कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतो. टाकी रिकामी करून धुवावी, पण हे काम मोकळ्या हवेत आणि दिव्यापासून, विडीपासून दूर करावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साठून राहते. पडवीच्या कोपऱ्यात तेवणारी एखादी चूलही तिला पुरते. त्याच कारणाने, एंजिन पुढे चालू झाले तरी बंद जागेत ते चालू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो माणसाला सावध होण्याची संधी देत नाही.

तिसरी गोष्ट जॅकची. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. उचललेल्या गाडीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय तिच्याखाली कुणीही शिरू नये; विटा रचून केलेला टेकू हा टेकू नव्हे, कारण वीट भार सहन करता करता एकाएकी फुटते. एका चाकाला पाचर लावावी, जमीन सपाट असावी, आणि खाली काम करणारा एकटा नसावा. फियाट हलकी गाडी समजली जाते, पण तिचेही वजन नऊशे किलोच्या आसपास आहे.

आता घरी आणण्याच्या कामाकडे येऊ. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, पेट्रोलचा पंप: हे भाग पिशवीत मावतात आणि वाड्याच्या चौकात, चांगल्या उजेडात उघडता येतात. येथेच देवळाच्या कलशाची आठवण ठेवावी. भाग सोडविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधावी. स्क्रू, वायसर, स्प्रिंगा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने थाळीत मांडाव्यात. आणि एक वही घालावी. अमुक तारखेला काय काढले, कोठे झीज दिसली, कोणता भाग कोठून आणला, हे तिच्यात रोज लिहावे. सुटे भाग डब्यात राहतात, पण ती मोटार मोटार म्हणून या वहीत राहते. वही नसेल, तर सहा महिन्यांनी डब्यात राहते ते निव्वळ लोखंड. अर्धवट सोडून दिलेल्या कितीतरी गाड्या भागांच्या अभावी नव्हे, तर आठवणीच्या अभावी भंगारात गेलेल्या असतात.

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट हा या उद्योगातला एक सुंदर भाग आहे. दोन लहान धातूंची टोके मिटतात आणि उघडतात. उघडण्याच्या क्षणी वीजप्रवाह तुटतो आणि त्यामुळे कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. एंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या करीत असेल, तर चार सिलिंडरांसाठी ही टोके मिनिटाला सहा हजार वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उघडतात. त्यांच्यामधले अंतर जेमतेम ०.४ मिलीमीटर, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. हे अंतर पातळ पट्टीने मोजून बसविणे ज्या मुलाला एकदा जमले, त्याला विजेचा एक पाठ पुस्तकावाचून कळला असे समजावे. आजच्या मोटारीत हे काम बंद डब्यातले इलेक्ट्रॉनिक यंत्र करते. ते अधिक अचूक आहे यात वाद नाही. परंतु ते उघडून पाहता येत नाही, आणि पाहिले तरी डोळ्यांना काही कळत नाही. जुनी मोटार डोळ्यांना कळते, हे तिचे शिक्षणातले मूल्य आहे.

येथे एक आजची अडचण लक्षात घेतली पाहिजे. १९६८ साली मिळणारे पेट्रोल आज मिळत नाही. शिसे घातलेले पेट्रोल भारतात २००० सालच्या फेब्रुवारीपासून बंद झाले, आणि ते योग्यच झाले. शिसे हे मुलांच्या मेंदूला घातक विष आहे. मात्र काही जुन्या एंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना त्या शिशाचे संरक्षण मिळत असे. अशा एंजिनात आता टणक धातूच्या बैठकी बसवून घ्याव्या लागतात. त्यानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत गेले आणि २०२५ पर्यंत ते वीस टक्क्यांवर आले. इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढवते. यास्तव पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे बसवावेत, आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असेल तर टाकी रिकामी करावी. मूळ स्वरूप जपण्याच्या आग्रहाला येथे मुरड घालावी लागते. जुनी नळी जपून ठेवायची असेल तर ती कपाटात ठेवावी, एंजिनावर नव्हे.

यावरून आपण तिसऱ्या वाट्याकडे, म्हणजे दुसऱ्याच्या हाती सोपवावयाच्या कामाकडे येतो. आणि येथेच हौशी माणसाची खरी परीक्षा असते. लोकांचे सारे लक्ष एंजिनाकडे असते, कारण ते आवाज करते. परंतु चालू न होणारी गाडी कुणाचा जीव घेत नाही. न थांबणारी गाडी घेते. म्हणून एंजिनाआधी ब्रेक, हा क्रम कधीही मोडू नये. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलाव्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो; उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि पायाखालचा दांडा एकाएकी मऊ पडतो. तोच ओलावा सिलिंडरांना आतून गंज चढवतो. पंधरा वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेकचे तेल, रबरी नळ्या आणि सिलिंडरांतली रबरे बदललीच पाहिजेत, मग ती वरून कितीही धड दिसोत. साधे एंजिनचे तेल या यंत्रणेत चुकूनही घालू नये. त्याने रबर फुगते. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. तोंडाने फुंकर मारण्याची सवय कित्येक मिस्त्रींना होती; ती अत्यंत घातक होती. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांचे बेअरिंग ही कामे अनुभवी कारागिराकडून करवून घ्यावीत, किंवा स्वतः केली तर त्याच्याकडून तपासून घ्यावीत. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने तडकते. तेही नवे घ्यावेत.

पत्र्याचे काम हेही कारागिराचे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो, हे शाळेतले विज्ञान. परंतु मोटारीत तो कोठे चढतो हे अनुभवाचे ज्ञान आहे. दारांच्या खालच्या कडा, पायाखालची जमीन, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा, जेथे चिखल साठतो आणि पाण्याला वाट मिळत नाही, तेथे गंज आतून बाहेर येतो. वर रंगाचा फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा संपलेला असतो. गंगाकाठच्या दमट हवेत तर हे अधिकच. नावाडी फळीवर ठोकतो तसे पत्र्यावर लहान हातोडीने हलके ठोकून पाहावे. बद्द आवाज आला की तेथे पुट्टी आहे किंवा पोकळी आहे. पुट्टी हा या धंद्यातला मोठा मायावी पदार्थ आहे. गंजलेल्या भोकावर ती भरून, घासून, रंग दिला की गाडी लखलखीत दिसते. दोन पावसाळ्यांनंतर तोच गंज दुप्पट होऊन बाहेर येतो. खरा डेंटर गंजलेला भाग कापून काढतो, त्याच मापाचा नवा पत्रा जोडतो, आणि पुट्टी केवळ पृष्ठभाग समतल करण्यापुरती, कागदासारखी पातळ लावतो. याला वेळ लागतो आणि पैसाही लागतो. परंतु ज्याला हे परवडत नसेल, त्याने रंगच देऊ नये. गंज उघडा दिसलेला बरा. निदान त्याच्यावर लक्ष राहते.

मग प्रश्न उरतो तो असा की, किती नवे करावे? याचे एक उत्तम उदाहरण कोलकात्यात आहे. १९४१ च्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस एल्गिन रोडवरील आपल्या घरातून ज्या मोटारीने निसटले, ती १९३७ सालची 'वांडरर' मोटार. पुतणे शिशिरकुमार बोस यांनी ती चालवीत त्यांना गोमोह स्थानकापर्यंत पोहोचविले. ही मोटार त्याच घरात जतन केलेली आहे. तिची दुरुस्ती होऊन २०१७ च्या जानेवारीत राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. ती दुरुस्त करताना तिला आजची मोटार करण्याचा विचारही कुणाला सुचला नसता. कारण ती मोटार ही एका रात्रीची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराचे बोलणे सुधारावयाचे नसते. आपल्याकडे कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार दरवर्षी दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांसमोर येते. वर्षातून एकदा का होईना, तिला बाहेर निघावे लागते, म्हणूनच तिच्याकडे लक्ष राहते. घरातली फियाट काही इतिहास घडवून आलेली नसते. परंतु तिच्या आसनावर घासून गुळगुळीत झालेली जी जागा असते, ती आजोबांची असते. ती जागा नव्या कातड्याने झाकण्यापूर्वी नातवाने दोन दिवस विचार करावा.

कायद्याचेही म्हणणे काहीसे असेच आहे, ही समाधानाची गोष्ट होय. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी करण्याची सोय झाली. अशा वाहनाच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढच्या नोंदणीला पाच हजार रुपये, आणि मुदत दहा वर्षे, असे त्या नियमांत ठरविले गेले. अट मात्र महत्त्वाची आहे: वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे, त्याची चासी, सांगाडा आणि एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. ते प्रदर्शनाला, मेळाव्याला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरावयाला नेता येते. रोजच्या वापरासाठी किंवा भाड्यासाठी नाही. म्हणजे ज्या हौशी माणसाने उत्साहाच्या भरात जुन्या सांगाड्यात नवे एंजिन बसविले, त्याने आपल्या गाडीचा तो हक्क स्वतःच गमावला. काम सुरू करण्यापूर्वीच नोंदणीपुस्तकातील चासीचा व एंजिनचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावा. मालकी आजोबांच्या नावावर राहिली असेल, तर वारसाहक्काची कागदपत्रे आधी पुरी करावीत. कागद गंजत नाहीत, परंतु हरवतात. आणि हरवलेला कागद मिळवणे हे गंजलेला पत्रा बदलण्याहून अधिक दिवसांचे काम आहे.

कुणी विचारील, धूर सोडणारी जुनी गाडी राखण्यात हित कोणते? आक्षेप खरा आहे. जुन्या एंजिनाला धूर शुद्ध करण्याची साधने नसतात. मैलामागे ते नव्या मोटारीहून कितीतरी अधिक विषारी वायू सोडते. म्हणूनच अशी गाडी रोज कचेरीला नेण्याची वस्तू नव्हे. वर्षातून थोडेसेच अंतर, नीट जुळवलेल्या एंजिनाने, ती चालावी. रोजच्या कामाला नवे वाहन असावे. गंगेवरच्या नावाड्यांनीही हा भेद ओळखला आहे. २०२१ नंतर येथल्या शेकडो नावांची डिझेल एंजिने काढून त्या जागी सीएनजीवर चालणारी एंजिने बसविण्यात आली. आणि ते उचित झाले, कारण ती नाव रोज प्रवासी वाहते. जी वस्तू रोजच्या उपयोगाची आहे तिने काळाबरोबर बदलावे. जी साक्षीसाठी ठेवली आहे तिने बदलू नये. दोहोंची गल्लत केली की उपयोगही जातो आणि साक्षही जाते.

या साऱ्या खटाटोपात सर्वांत दुर्मिळ होत चाललेली वस्तू म्हणजे सुटा भाग नव्हे. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, कुर्ल्याच्या दुकानांत शोध केला तर भाग अजून सापडतात. न सापडले तर एखादा कुशल लेथवाला बुश किंवा पिन कातून देतो. दुर्मिळ होत आहे तो माणूस. एंजिनचा आवाज ऐकून व्हॉल्व्हची फट किती आहे ते सांगणारा, प्लगच्या टोकाचा रंग पाहून मिश्रण जाड की पातळ ते ओळखणारा मिस्त्री आता वृद्ध झाला आहे. त्याची विद्या कोणत्याही पुस्तिकेत नाही, कारण ती त्याच्या कानात आणि बोटांत आहे. ज्याने जुनी गाडी हाती घेतली आहे, त्याने अशा एका वृद्ध कारागिराला आदराने बोलवावे, त्याच्या वेळेचे पूर्ण मोल द्यावे, आणि त्याच्याकडून काम करवून घेण्याऐवजी त्याच्या शेजारी बसून काम शिकावे. तो जे सांगेल ते वहीत लिहावे, आणि त्याचे नावही लिहावे.

मग एके दिवशी सकाळी, रस्ता रिकामा असताना, गाडी पहिल्यांदा बाहेर निघेल. त्या दिवशी फार दूर जाऊ नये. हळू चालवावे, दोनचार वेळा ब्रेक लावून पाहावा, आणि पाच-सहा किलोमीटरांनंतर बाजूला थांबून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन ऊब पाहावी. एक चाक इतरांपेक्षा अधिक तापले असेल, तर तेथे ब्रेक सुटत नाही असे समजावे. खाली वाकून तेलाचा थेंब गळतो का तेही पाहावे. नंतर गाडी पडवीत आणून ठेवावी, पायी घरी यावे आणि वहीत त्या दिवसाची तारीख घालून लिहावे: कोणते चाक तापले, थेंब कोठे पडला, आणि उद्या काय सोडवून पाहावयाचे आहे.